कमरेची किल्ली

यंदा तिसऱ्यांदा ताप.
तिसऱ्यांदा तीच पांढऱ्या झाकणाची बाटली,
आणि मी वाळपयच्या दवाखान्यात
नळ सोडून उभी,
लेकीला लघवी यावी म्हणून.
"जळता गो आई," म्हणते दुर्वी.
सहा वर्षांची आहे.
जळण्याला तिच्याकडे शब्द आहे,
दुसऱ्या गोष्टीचा ती उच्चारही करत नाही.

सासू म्हणाली, उष्णता.
सब्जा भिजवला, धण्याचं पाणी पाजलं.
शेजारची इश्मेनिया म्हणाली, दृष्ट.
मीठ-मिरच्या उतरल्या, चुलीत तडतडल्या.
मी चड्ड्या उकळत्या पाण्यात बुडवल्या,
दगडावर उन्हात कडक वाळवल्या.
औषधाच्या बाटल्या संपल्या, ताप उतरला,
पुन्हा आला.

डॉक्टर मिनेझिसबाईंनी रिपोर्ट वाचून बाजूला सारला
आणि लघवीबद्दल अवाक्षर न काढता विचारलं,
"परसाकडे कधी गेलेली?"

मी आठवायला लागले.
गुरुवारी? की त्याच्याही आधी,
माटोळी बांधली त्या दिवशी?
शाळेत पंचेचाळीस पोरांची पाव-भाजी
रोज मोजून घेते मी,
एक पाव कमी आला तर नजरेनं ओळखते.

बाईंनी माझीच दोन बोटं धरून
तिच्या डाव्या कुशीखाली दाबली.
काजूच्या बियांची पुरचुंडी
कुणी कातडीखाली शिवून ठेवावी, तसं लागलं.
"हे सगळं तटून बसलंय," त्या म्हणाल्या,
"आणि शेजारच्या पिशवीला रेटतंय.
ती पुरती रिती होत नाही.
तळाशी उरतं थोडं.
उरलेल्यात जंतू वाढतात."

आमच्या शाळेच्या भिंतीवर एक चित्र आहे,
टायरात साचलेलं पाणी, वर डास.
रोज ओल्या फडक्यानं पुसते मी ते.

"दाबून धरतेस गो?" बाईंनी तिला विचारलं.
दुर्वीनं माझ्याकडे पाहिलं.
तोंडाकडे नाही, कमरेकडे.
तिथे किल्ली होती.

हेडबाई म्हणाल्या होत्या, पोरं घाण करतात,
मधल्या सुट्टीतच उघडत जा.
सुट्टी दहा मिनिटांची.
आतली कडी मागच्या चतुर्थीपासून तुटलेली,
मुली एका हातानं दार धरून बसतात.
हे मला ठाऊक होतं.
रोज तर मीच कुलूप लावते.

बसमधून उतरून घरी चालताना
ती खडे लाथाडत म्हणाली,
"हांवें केलें की तुका धुवचें पडटा."

मी काही बोलले नाही.
कुळागराच्या गडग्याशी थांबून
उगाच चपलेचा पट्टा घट्ट केला.

आता रात्री जेवण झालं की दहा मिनिटं.
पायांखाली लाकडी पाट,
कारण गुडघे वर आले की वाट सरळ होते, बाई म्हणाल्या.
दोन चमचे गोड औषध. भरपूर पाणी.
उंड्याऐवजी पोयी, आणि तांबडी भाजी,
जी ती भातात लपवते आणि मी शोधून काढते.
घाई करायची नाही, ओरडायचं नाही.
(दुसऱ्याच दिवशी ओरडले.)

सोमवारी किल्ली कमरेला लावली नाही.
दाराशेजारी खिळा ठोकला,
पहिलीच्या पोराचा हात पोचेल इतका खाली.
कडी नवऱ्यानं होंड्याहून आणली, चाळीस रुपयांची.
हेडबाईंनी खिळ्याकडे पाहिलं,
मग माझ्याकडे,
आणि हजेरीचं पान उलटलं.
अजून काही म्हणाल्या नाहीत. म्हणतील.

लघवी पुन्हा तपासायची आहे पुढच्या महिन्यात.
तोवर काय सांगणार.

पण काल रात्री आतून हाक आली,
"आई! जालें!"
बांगडा तव्यावर टाकून धावले.
दोघी वाकून बघत राहिलो.
देवाशपथ सांगते,
तिच्या पहिल्या पाटीवरच्या श्रीकारालाही
मी इतकं कौतुकानं पाहिलं नव्हतं.
बांगडा करपला तो करपलाच.